पन्हळ, पत्रा आणि शाकारणी

भर आषाढात कौलारू घर गळू लागले की जे जे उपाय सुचतात ते सगळे चुकीच्या महिन्यातले असतात. ताडपत्री ओढून तिच्यावर दगड ठेवायचे, सांध्यात डांबर फासायचे, सिमेंट कालवून थापायचे, नाहीतर प्लास्टिकची पिशवी कौलाखाली सरकवायची. ओल्या पत्र्याला डांबर धरत नाही. वाहत्या पाण्यात सिमेंट घट्ट होण्याआधीच धुपून जाते. शेवाळलेल्या कौलांवर चढलेला माणूस एक गळती बुजवताना चार कौले फोडून खाली येतो, तोही स्वतःच्या पायांनी आला तर नशीब. कोकणातल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. तरी दर पावसाळ्यात हेच होते आणि पूर्वापार असेच चालत आले असावे, अशी आपली समजूत असते. ती समजूत मला पटत नाही. छप्पर पूर्वीही गळत असे, पण धो धो पावसात वर चढून सांधा बुजवणे हा दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग नव्हता. तो तसा झाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत, आणि त्याचे कारण जितके कौलात आहे त्याहून अधिक वैशाखातली शाकारणी मोडण्यात आहे.

गळतीची सगळ्यात हट्टी जागा आढ्याला नसते आणि वळचणीलाही नसते. घराच्या दोन अंगांची पाखी काटकोनात आतल्या बाजूने मिळतात तिथे एक तिरपी, खोलगट पन्हळ तयार होते. कडेला पागोळ्या झेलण्यासाठी बांधतात ती पन्हळ निराळी. ही छपराच्या पोटातली. दोन्ही पाख्यांचे पाणी हिच्यात उतरते, आणि गंमत अशी की हिचा उतार पाख्यांपेक्षा कमी असतो. पाखी ३० अंशांची असतील तर पन्हळ जेमतेम २२ अंशांची भरते, कारण ती कर्णाने जाते आणि तेवढीच उंची उतरायला तिला लांबचा रस्ता पडतो. पाणी सगळ्यात जास्त जिथे, तिथेच त्याची उतरण सगळ्यात मंद. दोन्ही बाजूंची मिळून २० चौरस मीटर कौले एका पन्हळीत पाणी सोडत असतील, तर तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत तिच्यातून तासाभरात २,००० लिटर पाणी जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढ्याच छपराच्या पन्हळीला त्या दिवशी जवळपास १९,००० लिटर पाणी वाहून न्यावे लागले असते. त्यात आंब्या-फणसाचा पाला अडकला, की पाणी तुंबते, पत्र्याच्या काठावरून चढून कौलांच्या पोटात शिरते आणि वाशावरून ओघळत भलत्याच ठिकाणी टपकते. थेंब पडतो माजघरात आणि भोक असते ओटीच्या कोपऱ्यावर. वरून शोधणारा माणूस म्हणूनच हमखास फसतो.

जुन्या छपरांनी या सांध्याशी दोन तऱ्हांनी जुळवून घेतले होते. पहिली तऱ्हा म्हणजे तो सांधा शक्यतो येऊच द्यायचा नाही. कोकणातले साधे घर लांबट, दुपाखी किंवा चौपाखी. कुटुंब वाढले तर शेजारी काटकोनात नवे अंग काढण्याऐवजी पाखे खाली ओढून पडवी काढायची, मग मागची पडवी, मग बाजूची. छप्पर खाली आणि बाहेर पसरत जाते, पण पाणी प्रत्येक बाजूने सरळ अंगणात पडते; आतल्या बाजूने दोन पाखी कुठे भिडतच नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि आंबोलीसारख्या ठिकाणी ७,००० च्या घरात पाऊस पडतो, तिथे ही बेतशीर रचना कुणा एकाच्या अकलेतून आलेली नसणार. गळलेल्या घरांनीच ती शिकवली असेल. घाटावर मात्र चौसोपी वाडा रुळला. चौकाभोवतीचे चार सोपे आत उतरतात आणि चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार पन्हळी येतात. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस; तिथे चार पन्हळी परवडतात.

दुसरी तऱ्हा सामानाची. गवताच्या छपराला पन्हळीचे भय फारसे नाही, कारण गवत वळते. सांध्यावर थर जाड केला, पेंढ्या उतारात वळवून बांधल्या, की कोपरा गोलाईत जिरून जातो. कुंभाराने थापलेल्या अर्धगोल कौलांची, म्हणजे नळ्यांची, गोष्टही थोडीफार तशीच. नळा लहान, दोन नळे कधी तंतोतंत सारखे नसायचे, आणि एकावर एक चढवून बसवायचे असल्याने कुठल्याही कोनात ते सामावून घेता येत. पन्हळीत मोठे नळे उताणे मांडून चर करायचा आणि दोन्ही बाजूंचे नळे त्याच्यावर आणून सोडायचे; कापाकाप जवळजवळ नाही. शिवाय खाली छत नसे. माळ्यावर उभे राहिले की उजेडाची तिरीप दिसे ती जागा गळकी. पावसात गळू लागले तर आतूनच काठीने नळा वर सारायचा, हाताने शेजारच्या नळ्याखाली सरकवायचा. फुटला असेल तर एखादे पान खुपसून वेळ मारून न्यायची. पावसातली दुरुस्ती होती ती एवढीच: आतून, कोरड्या अंगाने, आणि तात्पुरती. खरे काम शाकारणीला.

शाकारणी म्हणजे दरवर्षी मृगाच्या आत छप्पर उलगडून पुन्हा मांडणे. गवत असेल तर कुजके काढून नवे बांधायचे. नळे असतील तर ओळीने उतरवायचे, झाडायचे, फुटके वेगळे काढायचे, मोडक्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा रचायचे. कोकणात आगोटीची म्हणजे पावसाआधीची जी तयारी चाले, तिच्यात मीठ-मिरची, सुकी मासळी आणि सरपण यांच्या बरोबरीने हे काम येई. पाऊस झडीने मारतो त्या बाजूला झावळ्यांची झडपे बांधली जात, कारण मातीची भिंत भिजली तर वरचे छप्पर कितीही चांगले असून उपयोग नाही. शाकारणीत पन्हळीला वेगळे महत्त्व द्यावे लागत नसे. पाला दरवर्षी निघतच असे, चराचे नळे दरवर्षी हाताखालून जात असत. त्यातच एखादी वळवाची सर आली तर घराची फुकटात परीक्षा होई. गळले तर खूण करायची आणि उरलेल्या कोरड्या दिवसांत निस्तरायचे. जी गळती वळवात दिसली ती आषाढापर्यंत शिल्लक उरायचे कारण नव्हते. ऋतू पालटण्याआधी गवत, छप्पर, धान्य यांचा बंदोबस्त करणे हा राज्यकारभाराचाही भाग होता. शिवाजी महाराजांचे चिपळूण परिसरातल्या लष्करी छावणीला गेलेले प्रसिद्ध पत्र आहे. पावसाळ्याची बेगमी आधीच उधळू नका, चुली आणि दिव्यांबाबत सावध राहा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटून घोडे मरतील, असा त्याचा आशय. पागेच्या डोक्यावर गवत आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे, हे लिहिणाऱ्याच्या मनात किती स्पष्ट होते ते या बारकाव्यांवरून कळते.

मग आले मंगळुरी कौल. त्याचा वंश युरोपातला. एकमेकांत अडकणारे साच्याचे कौल आल्सेसमधल्या आल्टकिर्शच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. बाझेल मिशनचे लोक मंगळुरात १८३४ पासून होते. धर्मांतर केलेल्यांना जातीबाहेर टाकले जाई, त्यांना काम पुरवणे हा मिशनपुढचा प्रश्न. त्यासाठी विणकाम झाले, छापखाना झाला, आणि १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यांनी नेत्रावतीच्या काठी जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. तिथली नदीकाठची चिकणमाती, जवळचे जळण आणि समोरचा समुद्र या तिन्ही गोष्टी जुळल्या. थोड्याच काळात स्थानिक मालकांचेही कारखाने निघाले आणि गलबतांतून ही लाल कौले किनाऱ्याच्या बंदरोबंदरी उतरू लागली. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने जर्मन संबंधांमुळे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, पण तोवर मंगळुरी कौलाला मालकाची गरज उरली नव्हती. ते कोकणाचेच होऊन बसले होते.

हे कौल चांगलेच होते, यात वाद नाही. एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-सोळा पुरतात. तेच छप्पर नळ्यांनी झाकायचे तर कितीतरी जास्त नग आणि जास्त वजन. खाचेत खाच बसत असल्याने वारा उचलत नाही, सरळ पाख्यावर पाणी शिरत नाही, आणि दरवर्षी उतरवावे लागत नाही. त्याचा सगळा गुण सरळपणात आहे आणि सगळी अडचणही तिथेच. साच्यातून एकसारखे निघालेले कौल कर्णरेषेला आले की कापावे लागते. कापले की त्याची खाच जाते, टेकायचा दात जातो, आणि उरलेला त्रिकोणी तुकडा रिपेवर नुसता भरवशावर पडून राहतो. त्या तुकड्यांखालून पाणी जावे म्हणून जस्ताच्या पत्र्याची पन्हळ घालायची. म्हणजे शंभर वर्षे टिकणाऱ्या भाजलेल्या मातीखाली, खाऱ्या हवेत काही वर्षांत गंजणारा पत्रा. अख्ख्या छपराचे आयुष्य वाढले आणि त्याच्या सगळ्यात कामसू भागाचे घटले. पत्रा कौलांच्या आड असल्याने त्याचा गंज वरून दिसत नाही आणि पत्र्यामुळेच आतून उजेडाची तिरीपही दिसत नाही. पूर्वीची गळती डोळ्यांना दाखवता येई. ही गळती पावसाने येऊन सांगावी लागते.

त्याच सुमाराला घरांचे आकारही बदलले. बंगल्याची नक्कल आली, दर्शनी बाजूला पुढे काढलेली खोली, तिच्यावर तिकोनी पाखे. प्रत्येक तिकोन म्हणजे दोन नव्या पन्हळी. नळ्यांच्या काळात असला डौल करायचा तर वार्षिक कष्टांचा हिशेब डोळ्यांसमोर असे. मंगळुरी कौलाने तो हिशेब लपवला. छप्पर पंधरा-वीस वर्षे उलगडावे लागणार नाही असे दिसल्यावर वैशाखात वर चढण्याचे कारण संपले, आणि पाख्यांना नको असलेली शाकारणी पन्हळीलाही मिळेनाशी झाली. माझ्या मते गोष्टीचे मर्म इथे आहे. नव्या कौलाने काम कमी केले, पण उरलेले काम छपरातल्या एका रेघेवर गोळा केले, आणि तेवढ्यासाठी कुणी दरसाल चढेना.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे जुन्या काळाचे गोडवे आहेत. नळ्यांची घरे गळायचीच, गवताची पेटायचीही, आणि शाकारणीला हात लागायचे ते कुणाचे हे का सांगत नाही? आक्षेप रास्त आहे. खोताच्या घरावर चढणारी माणसे बहुधा कुळे असत. आठवेठ म्हणजे आठातला एक दिवस फुकट राबण्याची सक्ती, हे खोती मुलखातले वास्तव होते. दुसऱ्याचे छप्पर आधी शाकारायचे आणि स्वतःच्या झोपडीकडे उरलेल्या दिवसांत पाहायचे, अशी त्या कामाची रीत असणार. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. फुकटचे हात सुटले ते उत्तमच झाले. पण यातून माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. शाकारणी ही एक मोठी मजुरी होती आणि तिची किंमत घरमालकाच्या वहीत कधी चढलीच नव्हती. ती रोखीने द्यायची वेळ आली तेव्हा कमी देखभालीचे कौल परवडू लागले. तोवर घरातले तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले होते. मे महिन्यात चाकरमानी आला तर चार दिवस छपरावर चढे, नाही आला तर छप्पर तसेच मृगात शिरे. मंगळुरी कौलाने शाकारणी मोडली म्हणण्यापेक्षा, मोडत चाललेल्या शाकारणीला त्याने थांबण्याचे निमित्त दिले, असे म्हणणे जास्त खरे ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पन्हळ पावसाळी मुलखाला मानवत नाही, तर केरळातली नालुकेट्टू कशी उभी राहिली? चारही बाजूंनी आत उतरणारी छपरे, मधोमध उघडा चौक, आणि पाऊस कोकणाच्या तोडीचा. गोव्यातल्या मोठ्या घरांत राजांगण असते, तिथेही तेच. खुद्द दापोली-गुहागरकडे चौसोपी वाडे आहेत. म्हणजे पन्हळ टाळणे हा पावसाचा नियम नव्हे, हे मान्य करावे लागते. मात्र ही घरे कुणाची होती ते पाहिले पाहिजे. ज्यांच्याकडे दरवर्षी छप्पर नव्याने करायला माणसे होती, त्यांची. केरळात माडाच्या झावळ्यांचे छप्पर दरसाल नव्याने बांधले जाई, आणि पन्हळीखालचा तिरपा वासा कोणत्या मापाने उतरवायचा याचे सुतारांचे पक्के शास्त्र होते. पन्हळ ही श्रीमंतीची खूण होती, कारण तिच्यामागे दर वर्षीचे मनुष्यबळ उभे असे. गरिबाच्या दुपाख्याला पन्हळ नव्हती. पुढे पन्हळ सगळ्यांच्या छपरावर आली. तिच्यामागचे मनुष्यबळ मात्र कुणाकडेच राहिले नाही.

मुंबईत हाच प्रश्न मालकीच्या अंगाने चिघळला. १८९६ च्या प्लेगमध्ये ऊन-वारा आत यावा म्हणून रोग्यांच्या घरांवरची कौले काढली गेली. गावठी कौलांच्या थरांत उंदरांना आसरा मिळतो हेही त्या काळच्या तपासण्यांत नोंदले गेले, आणि मंगळुरी कौलाला आरोग्याचेही प्रमाणपत्र लाभले. पुढे चाळी त्याच कौलांनी झाकल्या गेल्या. पण चाळीची पन्हळ कुणाची? वरच्या मजल्यावरचा भाडेकरू भिजतो, खालच्याला त्याचे काही नाही, आणि मालकाला भाडे इतके थोडे येते की पत्रा बदलणे त्याला तोट्याचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच ठेवली आणि त्याने टाळल्यास भाडेकरूने खर्च करून भाड्यातून वळता करून घेण्याची मर्यादित मुभाही दिली; पण गोठलेल्या भाड्यातून वळते होऊन होऊन किती होणार? १९६९ मध्ये उपकर लावून जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आणावे लागले, यातच मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून वैशाख किती वर्षे चुकवला ते दिसते. कायदा दुरुस्ती कुणी करायची हे सांगतो, केव्हा करायची हे सांगत नाही. गळती दिसल्याशिवाय तक्रार होत नाही आणि ती दिसते पावसात. तक्रारीवर चालणारी कोणतीही व्यवस्था म्हणूनच पन्हळीपर्यंत आषाढातच पोचते.

कुणी म्हणेल, आता हा सगळा इतिहासच. स्लॅब आला आणि पन्हळ गेली. कोकणातल्या कुठल्याही रस्त्याने जाताना वर पाहिले की याचे उत्तर मिळते. स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडे उभे आहेत आणि त्यांवर रंगीत पत्रे. सपाट छपरावर पाणी रेंगाळते, स्लॅब झिरपतो, सळई गंजते; शेवटी उतार परत आणावाच लागला. वानरांनी कौले उलथून ठेवल्यामुळेही अनेकांनी कौले उतरवून पत्रा चढवला आहे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला वर चढायला त्या घरात माणूसच नसतो. पत्रा दुपाखी आणि सरळ असला तर उत्तम चालतो, म्हणजे जुन्या लांबट घराची अक्कल त्यालाही लागू पडते. पण घर इंग्रजी एल अक्षरासारखे वळले, की पत्रेही वळतात आणि फॅब्रिकेटर कोपऱ्यात त्याच पत्र्याची पन्हळ वाकवून बसवतो. बहुधा ती हवी त्याहून अरुंद असते, आणि तिचे सगळे पाणी एका पाइपात सोडलेले असते. त्या पाइपाच्या तोंडाशी फणसाची दोन पाने पुरतात. ती वैशाखात वर चढून काढावीत, असे त्याच्या बिलात कुठे लिहिलेले नसते.